ताईचा बैठक क्रमांक

आमच्या घरात हळू बोलायची पद्धतच नव्हती. बाबा मानवतच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते आणि इतकी वर्षं यंत्रांच्या आवाजात राहून त्यांचे कान अर्धे गेले होते. त्यामुळे ‘भाकरी वाढू का’ हेसुद्धा आई वाड्यापलीकडच्या माणसाला हाक मारावी तशी विचारायची. शेजारच्या चार घरांना रोज कळायचं की आज आमच्याकडं अंबाडीची भाजी आहे की पिठलं. कापसाच्या हंगामात बाबा घरी यायचे तेव्हा भुवया, मिशा, कानातले केससुद्धा पांढरे झालेले असायचे. दारातच ते अंग झटकायचे, आई पाण्याची बादली पुढं करायची, आणि हातपाय धुता धुता ते कुठलं मशीन आज कसं रुसलं आणि त्यांनी ते कसं सुरू केलं ते सांगायचे. माणसांबद्दल ते फारसं बोलत नसत. माणसांवर त्यांचा विश्वासही कमीच होता. “मशीन खोटं बोलत न्हाई,” असं ते नेहमी म्हणायचे. “बिघडलं तर बिघडलं म्हणून सांगतं. माणूस सांगत न्हाई.” हे वाक्य मी लहानपणी इतक्या वेळा ऐकलं की मला ते खरंच वाटायचं.

माझी थोरली बहीण ज्योती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. मी तिला ताई म्हणायचे, पण ती मला कधी वर्षा म्हणाली नाही, ‘ए बारके’ हीच तिची हाक. ताई बारावी सायन्सला होती. गल्लीतल्या पोरांची गणितं ती भाकऱ्या थापता थापता तोंडी सोडवून द्यायची. तिच्या कॉलेजात तेव्हा एकच कॉम्प्युटर आला होता. तो एका खोलीत प्लास्टिकच्या खोळीखाली झाकलेला असायचा, आणि त्या खोलीत जायचं तर चप्पल बाहेर काढायची. वर्षभरात ताईच्या वाट्याला तो दोनदा आला, तोही चौघींत मिळून. पण तिनं लायब्ररीतून एक जुनं पुस्तक आणलं होतं आणि त्यातून शिकून ती वहीतच प्रोग्राम लिहायची. लिहिलेला प्रोग्राम चालतो की नाही हे कळायला कॉम्प्युटर पाहिजे, म्हणून ती मला कॉम्प्युटर करायची. मी पाटावर बसायचे. ती वहीतली एकेक ओळ वाचायची आणि मी फक्त सांगितलं तेवढंच करायचं, डोकं चालवायचं नाही, ही अट. एकदा तिनं चहा करायचा प्रोग्राम लिहिला आणि पातेलं घ्यायचं सांगायला विसरली. मी सगळं दूध जमिनीवर ओतलं. आईनं दोघींना बदडलं. ताई मार खातानाही हसत होती. “बारके, चूक तुझी न्हाई,” ती म्हणाली, “चूक सांगणाऱ्याची.” बारावीनंतर तिला कॉम्प्युटरचं इंजिनिअरिंग करायचं होतं. बाबांनी तिला सांगून ठेवलं होतं, “चांगली पास झालीस तर बघू.” आमच्याकडं ‘बघू’ म्हणजे जवळजवळ ‘हो’ असायचं.

त्याच उन्हाळ्यात पूर्णेहून ताईला एक स्थळ आलं होतं. मुलगा रेल्वेत नोकरीला, घर बरं, माणसं बरी. आईचा जीव त्या स्थळात अडकला होता. बाबांनी निरोप पाठवला होता, पोरीचा निकाल लागू द्या, मग बोलू. त्यामुळे निकालाची वाट त्या वर्षी आमच्या घरात दोन बाजूंनी पाहिली जात होती. आई कुरडया वाळत घालताना देवाला काय मागत होती हे मला अजून कळलेलं नाही.

निकाल शुक्रवारी लागणार असं कळलं होतं. म्हणून गुरुवारी आई ताईला घेऊन पोखर्णीच्या नरसिंहाला गेली. सकाळच्या एसटीनं परभणी, तिथून पुढची गाडी. ताईनं हॉल तिकीट पर्समध्ये घातलं, कारण आईला ते देवापुढं ठेवायचं होतं. मी घरी एकटी. दुपारी बाराच्या सुमारास ताईच्या वर्गातली एक मुलगी सायकलवरून ओरडत गेली की निकाल आजच लागलाय, मेन रोडवरच्या नेट कॅफेत दिसायलाय. मला तो बैठक क्रमांक पाठ होता. ताईनंच तो माझ्याकडून पाठ करून घेतला होता. मी माझ्या वहीचं एक पान फाडलं, त्यावर घाईघाईनं नंबर लिहिला आणि उन्हात पळत निघाले. मला वाटत होतं की ताई संध्याकाळी परत येईल तेव्हा मी दारातच तिला पेढा भरवीन.

कॅफे म्हणजे झेरॉक्सच्या दुकानात पडदा टाकून केलेली एक अरुंद जागा होती. आत दोन कॉम्प्युटर, बाहेर पन्नास पोरं. मुलगी म्हणून मी एकटीच, म्हणून मी पायरीवरच उभी राहिले आणि चिठ्ठी हातोहात आत गेली. मालक आतून एकेक नंबर टाकत होता आणि मोठ्यानं निकाल सांगत होता. प्रत्येक ‘पास’वर पोरं शिट्ट्या मारत होती. माझ्या चिठ्ठीची पाळी आली तेव्हा तो म्हणाला, “ही चिठ्ठी कुणाची? नापास. तीन विषय.” मी म्हणाले, “नीट बघा ना.” तो म्हणाला, “बघितलं बाई, पुढच्याला येऊ द्या.” चिठ्ठी तशीच हातोहात परत आली. तिच्या मागं त्यानं निळ्या पेनानं ‘नापास’ असं लिहून दिलं होतं. मी ती चिठ्ठी घरी येऊन कंपासपेटीत ठेवली आणि पाटावर बसून राहिले. जेवायची शुद्ध नव्हती.

संध्याकाळी दोघी परत आल्या. ताईच्या कपाळावर अंगारा होता, हातात प्रसादाचा नारळ. तोवर बाबाही आले होते आणि मी त्यांना सांगून टाकलं होतं. त्यांच्यासाठी मोठ्यानं सांगावं लागलं, त्यामुळे गल्लीलाही सांगून झालं होतं. ताई हसलीच आधी. म्हणाली, “तीन विषय? असं होऊच शकत न्हाई. मला जाऊन बघू द्या.” बाबा म्हणाले, “आता पोरांच्या गर्दीत जाऊन अजून तमाशा करायचाय का?” ती म्हणाली, “बाबा, काहीतरी चुकलंय.” तेव्हा बाबांनी पुन्हा तेच मशीनचं काढलं. “मशीनला तुझ्याशी काय वैर हाय का? माणूस असता तर मीच मानलं नसतं.”  ताई माझ्याकडं वळली. मला तिचा चेहरा आजही तसाच आठवतो, उन्हानं लाल झालेला, अंगारा घामानं ओघळलेला. तिनं विचारलं, “बारके, नंबर नीट लिहिला होतास ना तू?”

मी म्हणाले, “हो.”

मी तेव्हा खोटं बोलत नव्हते. पण खरंही बोलत नव्हते. मला माहीतच नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची भीती वाटत होती. कंपासपेटी दोन हातांवर होती. ती उघडून चिठ्ठी ताईच्या हातात दिली असती तर तिनं एका नजरेत ओळखलं असतं. मी उठले नाही. पंधरा वर्षांची होते, हे मी स्वतःला बरेचदा सांगून पाहिलंय. त्यानं फारसं काही हलकं होत नाही.

पुढचं सगळं फार भराभर झालं. चौथ्या दिवशी पूर्णेचे लोक आले, दहाव्या दिवशी साखरपुडा झाला, आणि शाळा सुरू व्हायच्या आत लग्नाची तारीख धरली. ताई बाहेर पडेना. मैत्रिणी आल्या तर आतल्या खोलीत जाऊन बसायची. तिची ती वही एक दिवस मला चुलीजवळ सापडली, जाळायला ठेवलेली. मी ती उचलून दप्तरात घातली आणि कुणाला सांगितलं नाही. लग्नात जेवणावळीला बुंदी होती, येसरची आमटी होती, आणि बँडवाल्यांचा आवाज इतका मोठा की बाबांनासुद्धा नीट ऐकू येत होता. ताई रडली नाही. पाठवणीच्या वेळी सगळ्या बायका रडत होत्या आणि ती एकटी कोरडी उभी होती. लोक म्हणाले, पोरगी धीराची आहे.

लग्नानंतर तिसऱ्या दिवशी बाबा कामावरून येताना एक लांब पाकीट घेऊन आले. आईच्या हातात दिलं आणि म्हणाले, “कॉलेजातून आणलं. ज्योतीची मार्कशीट.” आईला वाचता येत नव्हतं. मी पाहिली. ताई पास होती. नुसती पास नव्हती, तिला गणितात वर्गातल्या कुणालाही नसतील एवढे मार्क होते. मी ते मोठ्यानं वाचलं. आईनं तो कागद हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. बाबा हातपाय धुवायला निघून गेले आणि त्या दिवशी त्यांनी कुठल्याच मशीनची गोष्ट सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठी घेऊन कॅफेत गेले. गर्दी नव्हती. मालक बसून भजी खात होता. मी चिठ्ठी त्याच्यापुढं ठेवली आणि विचारलं, “हा शेवटचा आकडा काय हाय?” तो म्हणाला, “एक.” मी म्हणाले, “नऊ हाय.” त्यानं चिठ्ठी उजेडाला धरली. मराठी नऊ आणि मराठी एक, घाईत लिहिले तर एकाच आईची लेकरं. माझ्या नऊची शेपटी तर मी पळायच्या गडबडीत जवळजवळ काढलीच नव्हती. मी म्हणाले, मला दोन्ही नंबर टाकून बघायचेत. तो उठला आणि मला खुर्ची दिली. आयुष्यात पहिल्यांदा कीबोर्डला हात लावला तो असा. एकेक बटण शोधत मी नऊवाला नंबर टाकला. ज्योती, पास. मग एकवाला टाकला. कुठल्यातरी मुलाचं नाव, नापास, तीन विषय. मी बराच वेळ त्या नावाकडं बघत राहिले. त्या दिवशीही पडद्यावर हेच नाव असणार. ते मुलाचं नाव होतं. मालकानं ते वाचलंच नव्हतं. “गर्दी लय होती बाई,” तो म्हणाला, आणि भज्यांचा कागद दुमडून ठेवला. त्यालाही खाववेना.

आता त्याच निकालाच्या पानावर बैठक क्रमांकाच्या खाली आईचं नाव विचारतात. ते जुळलं नाही तर निकाल दिसत नाही. मी पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा ऑफिसात होते, आणि मला उठून बाहेर जावं लागलं. एक प्रश्न. कुणाच्यातरी डोक्यात आलं की समोरचा माणूस नक्की कोण हे विचारून घ्यावं. ज्यानं कुणी तो प्रश्न तिथं टाकला, त्याला माहीत नसेल त्यानं किती घरं वाचवली.

तर मी कॉम्प्युटरकडं वळले ती अशी. लोकांना वाटतं मला आवड होती. आवड ताईला होती. मला फक्त त्या खुर्चीत पुन्हा पुन्हा जाऊन बसायचं होतं आणि समजून घ्यायचं होतं की एका आकड्याच्या शेपटीनं एवढं सगळं कसं होतं. दहावीत, अकरावीत, बारावीत मी वेड्यासारखा अभ्यास केला. ताईची वही मी पाठ केली होती. बारावीचा निकाल लागल्यावर मी बाबांना म्हणाले की मला नांदेडला कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जायचंय. मला वाटलं होतं भांडण होईल. बाबा एवढंच म्हणाले, “जा.” ‘बघू’सुद्धा म्हणाले नाहीत. आई म्हणाली, “पोरीची जात, एवढ्या लांब?” बाबा तिच्यावर ओरडले, “ती जायलीय म्हणलं ना!” त्यांना एवढं चिडलेलं मी आधी कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं, माझ्या मार्कांचा त्यांना अभिमान आहे.

कॉलेज सुरू व्हायच्या आधी मी पूर्णेला गेले. तीन वर्षं मी ताईला सणावारी भेटत होते, पण चिठ्ठीचं तिला सांगितलं नव्हतं. आता तिच्याच वाटेवर निघायचं तर सांगितल्याशिवाय जाता येणार नव्हतं. मानवत रोड स्टेशनवरून पॅसेंजर धरली. ताई रेल्वेच्या क्वार्टरमध्ये राहायची. गाडी शंटिंग करायची तेव्हा तिच्या मांडणीतली भांडी वाजायची. एक मुलगी दोन वर्षांची, आणि दुसऱ्या वेळेला ताईला सातवा महिना. भाऊजी ड्युटीवर होते. बाहेरच्या खोलीत चार-पाच पोरं पाढे म्हणत बसली होती, त्यांची ती शिकवणी घ्यायची. तिनं पोरांना सुट्टी दिली, माझ्यासाठी धपाटे केले, वर दह्याची कवडी आणि शेंगदाण्याची चटणी. मी एक घास खाल्ला आणि मला रडू फुटलं. मग सगळं सांगितलं. चिठ्ठी, नऊ, एक, कंपासपेटी, माझं ते ‘हो’.

ताई तव्यावरचं धपाटं उलटत होती. उलटलं, दाबलं, पुन्हा उलटलं. मग गॅस बंद केला.

“मार्कशीट कधी आली, तुला काय वाटतं?” तिनं विचारलं.

“लग्नानंतर. तिसऱ्या दिवशी.”

“लग्नाच्या आधी आठ दिवस.”

मला कळेचना. ती सांगत गेली, पोरांना गणित समजावून सांगावं तशा शांत आवाजात. लग्नाच्या आठ दिवस आधी बाबा एकटेच तिचा दाखला आणायला कॉलेजात गेले होते. तिथं त्यांच्या हातात मार्कशीट पडली. संध्याकाळी त्यांनी ताईला दळणाच्या निमित्तानं गिरणीकडं बोलावलं आणि गिरणीच्या भिंतीआड उभं राहून दाखवली. “मला म्हणाले, ज्योती, माझी चूक झाली. मी म्हणलं, मग आता काय? ते म्हणाले, पत्रिका वाटल्यात, मांडवाचं सांगितलंय, पावणे बोलावलेत. आता मोडलं तर लोक तुलाच नावं ठेवतील. घरात बोलू नको, तुझी आई खचंल. मी लय वेळ उभी होते बारके. मी म्हणलं, बाबा, मी पास हाय ना. ते म्हणाले, हाय. आणि पाकीट बंडीच्या आत घातलं.”

“तू ‘नाही’ का म्हणाली नाहीस?”

“म्हणले. हळू म्हणले.” तिनं उलथनं खाली ठेवलं. “त्यांना ऐकू आलं न्हाई. का आलं, कुणाला माहीत. गिरणी चालू होती.”

बाहेर इंजिनाची शिट्टी झाली, भांडी वाजली. ताईनं माझ्या ताटात अजून एक धपाटं वाढलं. म्हणाली, “तुझ्या त्या नऊनं माझं नुकसान झालं ते पंधरा-वीस दिवसांचं. ती चूक सापडली होती. पुढचं नुकसान चूक सापडल्यावर झालं, सगळं माहीत असताना. ते तुझ्या डोक्यावर घेऊ नको. आणि माझ्यासाठी म्हणून शिकायला चालली असशील तर जाऊच नको. मला तसलं ओझं कुणाच्या पाठीवर बघवत न्हाई.”

मी मानवतला परत आले तेव्हा बाबा जेवायला बसले होते. मी चप्पलसुद्धा काढली नव्हती. दारातूनच विचारलं, “बाबा, ताईची मार्कशीट कधी आली होती?” त्यांनी कानाला हात लावला, ऐकू न आल्यासारखा. मी तेच पुन्हा विचारलं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. आईचा हात परातीत थांबला. बाबांनी हातातला घास खाली ठेवला.

“आठ दिवस आधी,” ते म्हणाले. आमच्या घरात एवढ्या हळू आवाजात बोललेलं ते पहिलंच वाक्य असेल. आई त्यांच्याकडं बघत राहिली. तिलाही माहीत नव्हतं. मग ती उठली आणि परात तशीच टाकून मागच्या दारी गेली. बाबा तसेच ताटावर बसून होते. मला वाटलं होतं मी खूप बोलेन. तीन वर्षं मी स्वतःच्याच नावानं बोटं मोडली होती त्या एका आकड्यासाठी, आणि इकडं हे. पण माझ्याच्यानं काही बोलवलं नाही. मी बोलले असते तर त्यांनी मला ‘जा’ कशापायी म्हटलं होतं तेही बोलावं लागलं असतं. माझं शिक्षण मला ताईच्या गप्प राहण्यातून मिळालेलं होतं, आणि ते मी परत करणार नव्हते. हे मला त्या क्षणी नीट कळलं. ते कळणं फार वाईट होतं.

पुढच्या आठवड्यात बाबा पूर्णेला गेले. सण नाही, कार्य नाही, असे ते पहिल्यांदाच गेले. मी नंतर ताईला विचारलं काय बोलले. ती म्हणाली, “तासभर बसले. पंखा आवाज करायला होता तो दुरुस्त केला. चहा घेतला. नातीला म्हणाले, लय मोठी झालीस गं. मग गाडीची वेळ झाली.” ताईनं पुढं काही शिकून घेतलं नाही. तिच्याकडं शिकलेली पूर्णेची पोरं मात्र आज कुठं कुठं नोकऱ्या करतात, तिला फोन करतात. ती समाधानी आहे का, असं मला लोक विचारतात. मी तिला कधी विचारलं नाही. बाबा आता नाहीत. आईनं त्या दिवसानंतर त्यांना जेवायला वाढलं, त्यांचं सगळं केलं, पण मोठ्यानं बोलायचं सोडून दिलं. त्यांना ऐकू येवो न येवो.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी एका सरांनी एकेकाला उभं करून विचारलं, कॉम्प्युटर का घेतलं? कुणी पगार म्हणालं, कुणी परदेश, कुणी भावानं सांगितलं म्हणून. माझी पाळी आली. मी काही ठरवून आले नव्हते. तोंडातून निघालं, “माझ्या बहिणीला यायचं होतं.”

“मग ती कुठाय?” सरांनी विचारलं.

“पूर्णेला.”

वर्ग खदखदून हसला. पूर्णेला आमच्याकडं गाड्या बदलतात, त्यामुळे गाडी चुकून ती तिथंच राहिली असं वाटून हसले असतील. सर हसले नाहीत. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “ते झालं तिचं. तुला का यायचंय?”

 बाकावरच्या मुलीनं माझी ओढणी ओढली, काहीतरी बोल म्हणून. सर थांबले होते. शेवटी मी म्हणाले, “सर, मला अजून माहीत नाही.”

“बस,” ते म्हणाले. “हे पहिलं खरं उत्तर आलं.”

मी बसले आणि माझ्या नव्या वहीचं पहिलं पान उघडलं.